कुइरे मामा

नेपाळच्या पहाडात गोऱ्या माणसाला 'कुइरे' म्हणतात. अमेरिकेचे पीस कोअरवाले तिथे १९६२ पासून येताहेत (माओवादी संघर्षात २००४ ला गेले, २०१२ ला परतले), त्यामुळे गावाला कुइरे नवा नसतो. त्याला मात्र सगळंच नवं असतं, स्वतःसकट.

बिचारा बॅगेत एकच ओळख घेऊन आलेला असतो : शाळेत इंग्रजी शिकवणारा स्वयंसेवक. ती चहाच्या दुकानापर्यंतसुद्धा टिकत नाही. तिथे तो चालतीबोलती वकिलात होतो. जो तो अमेरिकी व्हिसाच्या डीव्ही लॉटरीचं विचारतो. त्याच्याकडच्या गोळीने कुणाची डोकेदुखी थांबली की संध्याकाळपर्यंत डॉक्टर. तो राहतो त्या घरच्या आमाच्या, म्हणजे आईच्या, लेखी तर तो हाडं निघालेलं लेकरू. सकाळी दहालाच डाळ-भाताचा डोंगर, तो उतरतोय न उतरतोय तोच वर दुसरा डाव. 'पुग्यो', म्हणजे पुरे, हा शब्द तो पहिल्याच दिवशी शिकतो. आमाला तेवढाच ऐकू येत नाही.

पण खरी गंमत दशैंत, म्हणजे तिकडच्या दसऱ्यात. आमाची थोरली लेक गावातच दिलेली. ती याची दिदी, म्हणून सातवीतला तिचा पोरगा याचा भान्जा. आणि बाहुन-छेत्रींच्या घरात भाचा पूज्य; पाया मामाने पडायचं! आमाने दही-तांदळाचा लालभडक टीका कपाळभर थापला, कानामागे जमरा, म्हणजे जवाचे कोंब, खोचला, हातात कोरी नोट ठेवली. स्वारी खूश. तेवढ्यात आमाने कोपर मारलं : आता भान्जाला दे. सुट्टीच्या आदल्याच दिवशी स्पेलिंग चुकलं म्हणून ज्याला बाकावर उभं केलं होतं, त्याच्या मातकट पायांशी सहा फुटी सर वाकले. पोराने नोट घेतली आणि उजेडात धरून खरी आहे ना पाहिलं. आपण नुसतंच म्हणतो 'मामा बनवलं'. तिथे रीतसर टीका लावून बनवतात.

परीक्षेत भाच्याला इंग्रजीत शंभरात अकरा. सरांनी कडक चिठ्ठी लिहिली : अभ्यासाकडे दुर्लक्ष, पालकांनी दखल घेऊन सही करावी. बाप कतारला. दिदीने चिठ्ठी उलटसुलट केली आणि म्हणाली, इंग्रजीत आहे, मामाला दाखव.

दिवेलागणीला पोरगा चिठ्ठी नि पेन घेऊन ओसरीवर हजर. मामांनी सरांचं पत्र दोनदा वाचलं आणि सरांच्या सहीखाली मुकाट्याने पालकांची सही केली.