कार्बोरेटरकाका

काकांच्या घराला दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे. त्यातल्या अर्ध्यात हत्यारं असतात, उरलेल्या अर्ध्यात १९७४ सालची पिवळी स्नोमोबिल. मोटार बाहेर. मिनेसोटात जानेवारीत पारा उणे २५ वर उतरला की काकू सकाळी उठून मोटारीच्या काचेवरचा बर्फ खरवडतात, आणि खास बर्फासाठी जन्माला आलेलं यंत्र आत हीटरसमोर ऊब घेत पडलेलं असतं. कुणी विचारलंच तर काका सांगतात, "चालू झाली की काढतोच बाहेर. फक्त कार्बोरेटरचं काम राहिलंय."

काकांच्या आयुष्यात कार्बोरेटर कुठून शिरला, ते सांगायला हवं. त्यांचं तारुण्य पुण्यात बजाज चेतकवर गेलं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं. स्कूटर बंद पडली की आधी ती अंगावर कलती करायची, मग प्लग काढून पॉलिशपेपरने घासायचा, आणि तरी नाहीच झाली तर "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय" असा निकाल देऊन मोकळं व्हायचं. बहुतेक वेळा निकाल बरोबर निघायचा. तिथेच घात झाला. पुढे निवृत्तीनंतर एका शेतकऱ्याच्या कोठारात त्यांना ही स्की-डू एलान दिसली: रोटॅक्सचं २४७ सीसीचं एकच सिलिंडर, दोरी ओढून चालू करायची आणि पेट्रोलमध्ये ऑइल! पट्टा आणि स्की लावून चेतकच उभी असल्यासारखं काकांना वाटलं. काकू म्हणाल्या, "अहो, ही चालते का?" विकणारा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "चालायची."

खोटं कशाला बोला, पहिल्या वेळी कार्बोरेटरमध्ये खरंच कचरा होता. या टिलॉटसन कार्बोरेटरला तरंगता फ्लोट नसतो; पातळ पडदा खालीवर होतो आणि तोच पेट्रोल आत घेतो. इतक्या वर्षांनी तो पडदा वाळक्या पापुद्र्यासारखा कडक झाला होता. काकांनी सुया, स्प्रिंगा, जाळी असं सगळं स्टीलच्या वाटीत काढून ठेवलं. वाटी काकूंची, साबुदाण्याची. ती अजून परत गेलेली नाही. सिलिंडरवर वारा सोडणाऱ्या पंख्याच्या आवरणात उंदरांनी घर केलं होतं. ते तसंच ठेवून गाडी चालवली असती तर सिलिंडर तापून पिस्टन जाम झाला असता. पेट्रोलच्या नळ्या वाकवल्या की मोडत होत्या. फ्लायव्हीलखालचे पॉइंट गंजले होते, ते घासून गॅप लावला. काकांनी दोरी ओढली आणि गाडी चालू झाली! गॅरेज निळ्या धुराने भरलं, घरातला धुराचा अलार्म कोकलला, आणि काकांनी मला मिठी मारली.

पुढे मात्र ये रे माझ्या मागल्या. थंड असताना गाडी चालू व्हायची, पण जरा तापली की आपणहून रेस वाढवायची. थ्रॉटल सोडला तरी खाली येईना. मग एकदम मुकी. काकांनी कार्बोरेटर काढला, धुतला, बसवला. पुन्हा तेच. पुन्हा धुतला. माझं काम बॅटरी धरण्याचं. "अरे, आत मार उजेड, माझ्या तोंडावर नको." तोपर्यंत त्या कार्बोरेटरमध्ये खाल्लेलं चाललं असतं, इतका तो स्वच्छ होता.

पाहुणे आले की कार्यक्रम गॅरेजमध्ये. काका क्वेबेकमधल्या व्हालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिएची गोष्ट सांगतात: १९३४ च्या हिवाळ्यात त्याचं लहान मूल आजारी पडलं, रस्ते बर्फाने बंद, दवाखाना गाठता आला नाही आणि मूल गेलं. या माणसाने बर्फावर चालणाऱ्या गाड्यांनाच वाहून घेतलं. १९५९ मध्ये त्याच्या कारखान्यातून पहिली स्की-डू निघाली. इथे काकांचा आवाज खरोखर भरून येतो, आणि ते खोटं नसतं. मग ते सावरतात आणि मिनेसोटाच्या राल्फ प्लेस्टेडकडे वळतात. हा विमा विकणारा माणूस, पण १९६८ मध्ये स्की-डूवर बसून थेट उत्तर ध्रुव गाठला!

"आणि आपली अजून पोस्टाच्या पेटीपर्यंत जात नाही," काकू म्हणतात.

"येताना तो विमानाने आला," काका धोरणीपणाने जोडतात.

"म्हणजे येताना त्यालाही भरवसा नव्हता."

शेवटी घोडं कुठे पेंड खातंय ते दाखवलं शेजारच्या आजोबांनी. हे नॉर्वेजियन वंशाचे, एका हिवाळ्याला साधारण एक वाक्य बोलणारे. ते पाच मिनिटं उभे राहून इंजिन ऐकत होते. मग म्हणाले, "क्रँकचं सील."

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि तिथून वर ढकललं जातं. क्रँकच्या दोन टोकांना रबरी ऑइल सील असतात. ती वाळली की इंजिन तिथूनही हवा ओढतं, मिश्रणातलं पेट्रोल कमी पडतं, रेस चढते आणि इंजिन तापतं. लक्षणं सगळी कार्बोरेटरची, चोर भलताच. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. चांगले मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. पण सील दिसत नाही, वाटीत काढून ठेवता येत नाही, घासून चकचकीत करता येत नाही. "सील कसं जाईल? बाहेर ऑइलचा टिपूस तरी आहे का?" काका म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन सवयीने कार्बोरेटरकडे वळले.

आजोबांनी वाद घातला नाही. फ्लायव्हील उतरवलं, कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद केली, हातपंपाने क्रँककेसमध्ये थोडी हवा भरली आणि मला साबणाचं पाणी आणायला सांगितलं. ब्रशने सीलवर पाणी लावताच शाफ्टला लागून एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्याच्या मागून दुसरा. पंपाचा काटा हळूहळू खाली येत होता. काका वाकून बराच वेळ बघत राहिले, तिसराही फुटेपर्यंत.

इंजिन खाली उतरलं. दोन्ही सील बदलली. किंमत दोन-चार कॉफ्यांची. गाडी पुन्हा जोडली. दोरीच्या दुसऱ्याच ओढीला चालू, आणि थ्रॉटल सोडला की रेस आज्ञाधारकपणे खाली. धूर मात्र जास्त येत होता, कारण आधीची हवेची गळती भागवायला काकांनी कार्बोरेटरची सुई सैल करून जादा पेट्रोल सोडलं होतं. आता त्याची गरज उरली नव्हती. काकांनी सुई पाव फेरा आवळली. धूर विरळ झाला, इंजिनाचा आवाज एकसारखा लागला. काका गोठलेल्या तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी थंडगार इंजिनावर पुन्हा गेले. मग काकूंना मागे बसवून गेले.

त्या संध्याकाळी आजोबांना चहाला बोलावलं होतं. चकल्या होत्या. तेवढ्यात पुण्याहून काकांच्या भावाचा फोन आला.

"अरे, झाली चालू! फर्स्टक्लास! ... हो, इंजिन उघडलं होतं, पण ते आपलं किरकोळ कामाला. एक-दोन सीलं टाकून घेतली. मूळ दुखणं कार्बोरेटरच. पाव फेरा रे, फक्त पाव फेरा!"

त्या सगळ्यातला आजोबांना एकच शब्द कळला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्या बशीत आणखी एक चकली ठेवली.