डीबी काका

मोहन्यात तांब्याच्या तारेवरून इंटरनेट यायचं त्या काळात नेट गेलं की लोक कंपनीला फोन करायच्या आधी काकांना हाक मारत. कंपनी फक्त तक्रारीचा नंबर द्यायची. काका कारण द्यायचे. एकदा कारण कळलं की नेट नसलं तरी घरात जरा शांतता व्हायची.

काका एनआरसीचे, इन्स्ट्रुमेंट खात्यातले. नॅशनल रेयॉनचा कारखाना 2009 मध्ये बंद झाला, तिथली मीटरं थांबली; काकांची मीटर वाचायची खोड काही थांबली नाही. मल्टिमीटर घेऊनच ते घरात शिरायचे. तो स्वतःच्या पैशाने घेतलेला आहे, कारखान्याचा नाही, हे कुणी विचारलेलं नसताना सांगायचे.

कॉम्प्युटरकडे ते आधी बघतही नसत. टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावायचा, डोळे मिटायचे, आणि वैद्याने नाडी धरावी तसं गप्प बसायचं. मग निकाल: "खरखर आहे. पण ओली आहे." ओली म्हणजे जमिनीखालच्या जॉइंटमध्ये पाणी. उल्हास नदी चढली की ही सुरू व्हायची आणि नदी उतरली तरी दोन-तीन दिवस रेंगाळायची. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर घाईघाईत मारलेल्या जॉइंटांवर काकांचा कधीच विश्वास बसला नाही. कोरडी खरखर म्हणजे कुठेतरी सैल स्क्रू नाहीतर गंजलेलं टोक. तिसऱ्या प्रकारात दुसऱ्याच घरातलं बोलणं बारीक ऐकू यायचं. या प्रकाराच्या निदानाला काकांना वेळ जास्त लागतो, असं काकूंचं निरीक्षण होतं.

त्यानंतर मॉडेम. 192.168.1.1, ॲडमिन, ॲडमिन. पान उघडलं की चष्मा कपाळावरून नाकावर. "नॉइज मार्जिन 4! सहाच्या खाली लाईन टिकतेच कशी? ॲटेन्युएशन 58." हे आकडे डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत असतात, म्हणून पोरांनी त्यांचं नाव डीबी काका ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं. एक्सचेंज आपल्या खिडकीतून किती लांब दिसतं याला अर्थ नाही, तार कुठून कुठून फिरून येते ते बघा, हे ते प्रत्येक घरात सांगत. त्यासाठी डीपीपासून, म्हणजे घरोघरी तारा वाटणाऱ्या डब्यापासून, रस्त्यावरच्या पिलरपर्यंत ते खरोखरच चालत गेलेले होते.

कुणी नुसतं "नेट स्लो आहे" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मोजलंस का? सरकारच्या 2004 च्या धोरणात 256 किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड." 2013 मध्ये ती मर्यादा 512 झाली, तेव्हा पगारवाढ मिळाल्यासारखे ते खूश होते. "आणि किलोबिट आणि किलोबाइट एक नव्हे. आठाने भागायला शिक आधी." पोराचा सिनेमा अडकलेला असायचा आणि इकडे भागाकार चालू.

एका घरात रोज संध्याकाळी नेट जायचं. काकांनी तार धरून भिंतीभिंतीने शोध घेतला आणि स्वयंपाकघरात फ्रीजमागे दुसरा फोन सापडला, स्प्लिटरशिवाय जोडलेला.

"वहिनी, तुम्ही टिटवाळ्याला बहिणीशी बोलता ना, तेव्हा पोराचं नेट जातं."

बोलणं तारेच्या खालच्या चार हजार हर्ट्झमध्ये मावतं, इंटरनेट पंचवीस हजारांच्या वर सुरू होऊन लाखांत जातं, दोघांना वेगळं करायला स्प्लिटर लागतो, हे सगळं त्यांनी कालनिर्णयच्या पाठीमागे काढून दाखवलं. वहिनींनी यातून एवढंच घेतलं की काकांना त्यांच्या फोनची वेळ माहीत आहे.

पण काकांचा खरा बहर कॉल सेंटरशी बोलताना. तक्रार करायची ती त्याच आजारी तारेवरून.

"सर, मॉडेम बंद करून चालू करा."

"केला ताई. तीस सेकंद थांबून केला. कपॅसिटर उतरायला वेळ द्यावा लागतो."

"आता डीएसएलचा दिवा स्थिर आहे का, सर?"

"तुमच्याशी बोलतोय तोवर तो स्थिर होणार नाही. रिसीव्हर उचलला की लाईन पडते, हीच तक्रार आहे."

"मग सर, फोन ठेवून बघा."

"फोन ठेवला की तुम्ही तक्रार बंद करणार."

पलीकडे शांतता, म्हणजे खरखर. ओली.

मग यथावकाश लाईनमन यायचा. काकांना लांबून बघून त्याची सायकल एकदा गल्लीतून माघारी फिरलेली मी पाहिली आहे. त्याचा उपाय एकच: डीपीत पेअर, म्हणजे तारांची जोडी, बदलायची. चांगल्या पेअर केबलमध्ये मोजक्याच उरलेल्या, त्यामुळे इथलं नेट सुरू झालं की अर्ध्या तासात शेजारच्या बिल्डिंगमधून हाक यायची, "काका, जरा येता का?" काका मल्टिमीटर उचलून निघायचे. थकले आहेत असं दाखवायचे, पण चप्पल आधीच पायात असायची. त्यांच्या स्वतःच्या घरच्या, भिंतीवरच्या फोनच्या रोझेटला झाकण कधी नसे. "आमच्याकडे नेट चालतं की," काकू म्हणायच्या, "तपासणी नसेल तेव्हा."

पुढे फायबर आलं आणि काकांना उतरती कळा लागली. काचेत पाणी शिरलं म्हणून खरखर होत नाही. नेट असतं, नाहीतर लाल दिवा लागतो. मधलं काही नाही, आणि काकांची सगळी कर्तबगारी त्या मधल्यात. काही महिने ते संध्याकाळी नुसते नदीकडे फिरायला जायचे. तब्येतीची चौकशी होऊ लागली.

मग वहिनींच्याकडे फायबरवाला मुलगा आला होता, राऊटर हलवून द्यायला. काका सहज बसलेले. मुलाने पॉवर मीटर लावला आणि काका खुर्चीतून पुढे सरकले.

"हे काय, मायनस 26? डीबीच ना हे?"

"डीबीएम, काका."

काकांनी तारेवर नजर फिरवली. उरलेली केबल वहिनींनी नीटनेटकी करून खिळ्याभोवती घट्ट गुंडाळली होती. काच मुडपली की उजेड वळणावर बाहेर सांडतो. हे काकांना कुणी सांगितलेलं नव्हतं; त्यांनी ते केबलकडे बघून ओळखलं. गुंडाळी सोडून तिचा मोठा, सैल वेटोळा केला आणि म्हणाले, "आता लाव."

मायनस 19.

"सात डीबी खिळ्याने खाल्ले," काका म्हणाले. चष्मा नाकावर आलेला होता.

"पण काका," मुलगा म्हणाला, "नेट आधीही चालूच होतं."

"चालू होतं रे," काका म्हणाले, "पण कसं होतं?"