वाटेतच तर आहे

पनवेल बघायला म्हणून कुणी येत नाही. इथून सगळे जातात. ही आजची गोष्ट नाही. 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातला रस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीत बसायचा, भरतीबरोबर पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि पालखी, घोडा नाहीतर बैलगाडी धरून घाटाच्या दिशेने चालू लागायचा. मुक्काम पडलाच तर ओहोटी लागली म्हणून किंवा बैल मिळाले नाहीत म्हणून. पनवेल आवडलं म्हणून कुणी राहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली ती कल्याण-कर्जतवरून, त्यामुळे लोकांना आमच्याकडे उतरायचंही कारण उरलं नाही. आमच्याकडे रेल्वे यायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. मग गोव्याचा हमरस्ता, कोकण रेल्वे, कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग असं एकेक येत गेलं आणि आम्ही पुन्हा सगळ्यांच्या वाटेत आलो. 25 डिसेंबर 2025 पासून तर विमानंही आमच्याच तालुक्यातून उडतात. म्हणजे आता वरूनही आम्ही वाटेतच.

नातेवाइकांचे फोन येतात. "तुमच्याकडे डोकावून जाऊ, वाटेतच तर आहे." येतात, उभ्याउभ्या चहा घेतात, खाली गाडीचं इंजिन सुरूच असतं. पुण्याच्या आत्याबाई गेली कित्येक वर्षं आमच्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका बघून "एकदा तिथे जायला हवं" म्हणतात आणि अलिबागला जातात.

इतकं सोसलेल्या माणसांनी तरी दुसऱ्यांची गावं नीट, सावकाश बघावीत की नाही? पण यंदा शरदातल्या सहलीचा बेत आखायला बसल्यापासून आमच्या घरात तेच तीन शब्द ऐकू येतात, आणि या वेळी ते आमच्याच तोंडचे असतात.

बेत साधा होता. उदयपूर. तळी, अरवलीचे डोंगर, जुनं शहर, आणि कुठेही धावपळ नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात गेली आहे, म्हणून तुळशीच्या लग्नाच्या सुमारास निघायचं ठरलं. तोवर इथला ऑक्टोबरचा उकाडा संपलेला असतो, तिथे पावसाने भरलेली तळी अजून भरलेली असतात आणि पहाटे शाल लागते. नवरा बँकेतून निवृत्त झालेला. त्याने मागच्या वर्षीच्या कालनिर्णयाची पानं उलटी करून त्यावर पट्टीने रकाने आखले. पहिल्या रकान्यात लिहिलं 'उदयपूर'. ते पान तेव्हा फार देखणं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यात चित्तोड आलं. एवढं जायचं आणि विजयस्तंभ बघायचा नाही? राणा कुंभाने पंधराव्या शतकात उभारलेला नऊ मजली स्तंभ, आणि तो गाडीच्या वाटेतच. कुंभा आला तसा त्याचा कुंभलगडही आला, कारण त्याची तटबंदी छत्तीस किलोमीटर लांब आहे आणि सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या नवऱ्याला ती स्वतःच्या डोळ्यांनी तपासायची आहे. कुंभलगडाहून रणकपूर जवळ. तिथल्या जैन मंदिरात 1444 खांब आहेत, आणि एकासारखा दुसरा नाही असं म्हणतात. धाकट्या दिरांनी फोनवर विचारलं, "वहिनी, रणकपूरपर्यंत गेल्यावर माउंट अबू सोडायचं?" त्यांच्या मते अबू वाटेत आहे. मी नकाशा काढून बघितला. दिल्लीला निघालेल्या माणसाला मद्रास जितकं वाटेत, त्याहून थोडं जास्त.

खाडाखोड करून करून पानाला भोक पडलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "श्रीनाथजींचं नाथद्वारा तिकडेच ना रे? वाटेतच असेल." ऐंशीच्या पुढच्या बाईला नाही कोण म्हणणार? आणि खरं सांगायचं तर या सगळ्या यादीत वाटेत असण्याचा खरा हक्क नाथद्वाऱ्याचाच आहे. औरंगजेबाच्या काळात श्रीनाथजींची मूर्ती मथुरेजवळच्या गोवर्धनाहून सुरक्षित जागी न्यायला निघाली होती. मेवाडात सिंहाड नावाच्या खेड्यापाशी रथाचं चाक चिखलात रुतलं, काही केल्या निघेना, तेव्हा देवाला इथेच राहायचंय असं पुजाऱ्यांनी ओळखलं. 1672 पासून देव तिथे आहे. म्हणजे मुक्कामाला पोचण्याआधीच वाटेत उतरला आणि पुन्हा निघालाच नाही. देवाची ही गोष्ट ऐकल्यापासून मला तो आमच्या घरातला एकमेव समजूतदार प्रवासी वाटू लागला आहे.

मग मी उदयपूरचंच वाचायला घेतलं आणि तिथेही हेच. ज्या पिछोला तळ्याच्या काठी बसून चहा प्यायला आम्ही जाणार, ते चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने बांधलं असं सांगतात. बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून आयुष्यभर वाटेवर असलेला माणूस. त्याने पाणी अडवलं आणि निघून गेला. पुढे दीड-दोनशे वर्षांनी उदयसिंह राणा शिकारीला आला, तिथे एक साधू भेटला, त्याने याच जागी नगर वसव म्हणून सांगितलं, असं म्हणतात. राणा निघाला होता सावजामागे. त्या साधूशी बोलायला तो थांबला नसता तर आज आमचा पहिला रकाना कोरा राहिला असता.

याबाबतीत आमच्या बाजूचा दाखलाही कमी नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये घरातून निघाले ते दक्षिणेच्या आशेने. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कानावर आलं होतं, आणि घरावर कर्ज होतं. भटजींकडे ना रकाने, ना आगाऊ तिकीट, बरोबर फक्त काका. जाता जाता बंड पेटलं, ते झाशीत अडकले, वेढा आणि लूट डोळ्यांनी बघितली, मिळालेली दक्षिणा चोरापोरी गेली, आणि दोन-अडीच वर्षांनी गंगेची कावड घेऊन वरसईला परतले. ते 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापून निघालं आणि आजही वाचलं जातं. ठरल्याप्रमाणे यज्ञ झाला असता, दक्षिणा घेऊन ते वेळेत घरी आले असते, तर आपल्याला काय वाचायला मिळालं असतं? दक्षिणेचा हिशेब. नवऱ्याला हे ऐकवलं तर म्हणाला, "अगं, पण त्यांना परतीचं आरक्षण नव्हतं." बँकेतला माणूस. मुद्दा त्याचा बरोबरच होता. आता आरक्षण साठच दिवस आधी सुटतं, त्यामुळे सकाळी आठच्या ठोक्याला आमच्या घरात तीन फोन आणि एक जुना लॅपटॉप घेऊन सगळे युद्धाच्या पवित्र्यात बसणार आहेत.

मध्येच एक भलताच प्रश्न निघाला. चित्तोडला गाईडने "कुठून आलात" विचारलं तर काय सांगायचं? अठराव्या शतकात मराठी फौजांनी मेवाडकडून कशी खंडणी उकळली हे तिथे कुणी विसरलेलं नसणार. दीर म्हणाले, मुंबई सांगू. सासूबाई म्हणाल्या, खोटं कशाला बोलायचं, पनवेल सांगा, ते कुणाला माहीत नसतं.

इथे वाचकाला वाटेल की आता ही बाई म्हणणार, उदयपूर कशाला, आपलं पनवेलच बघा. वडाळे तळं आहे, कृष्णाळे आहे, कर्नाळा आणि प्रबळगड आहेत, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव शिरढोण आहे, 1852 ची, 2016 मध्ये महानगरपालिका झालेली नगरपालिका आहे. नाही म्हणणार. मला उदयपूरलाच जायचंय. वडाळे तळ्याच्या काठी मी रोज संध्याकाळी फिरते, आणि तिथे भेटणारी निम्मी माणसं मला गुडघ्यांबद्दल विचारतात. पिछोलाच्या काठी मला कुणी ओळखणार नाही, हे त्या तळ्याचं सौंदर्य मी आधीच हिशेबात धरलं आहे.

माझी मागणी फक्त एका मोकळ्या रकान्याची होती. त्यात काही लिहायचं नाही. सकाळी उठायचं, घाटावर जाऊन बसायचं, कुणी विचारलं तर जेवायचं. भांडून, रुसून, एकदा पिठलंभातावर भागवून मी तो मिळवला. नवऱ्याने उदयपूरच्या शेवटच्या दिवशी खरोखर मोकळी चौकट सोडली. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: 'निवांत, दु. 4 ते 6.' मी काही बोलले नाही. दोन तास तर दोन तास.

काल रात्री पुन्हा दिरांचा फोन.

"वहिनी, तुमच्या त्या मोकळ्या दिवशी जयसमंद होतंय बघा. राणा जयसिंहाने बांधलेलं तळं, केवढं मोठं आहे! उदयपूरहून पन्नास किलोमीटर."

"भाऊजी, ते दक्षिणेला आहे. आपण उत्तरेहून येऊन गाडीत बसणार. ते कशाच्याही वाटेत नाही."

"तेच म्हणतोय मी," दीर उत्साहाने म्हणाले, "वाटेत नाही, म्हणून तर त्याला वेगळा दिवस लागतो."