अर्ध्या तासात आकाशकंदील (वेळ : चार दिवस)

ज्यांनी आयुष्यात एकही आकाशकंदील केलेला नाही, पण 'आमच्या लहानपणी आम्ही सगळं घरीच करायचो' असं मुलांना सांगून ठेवलंय, अशा पालकांसाठी ही कृती आहे. मी त्यातलाच. आमच्या लहानपणी कंदील आबा करायचे आणि मी खळ ढवळायचो. हा तपशील मुलांना पुरवू नये.

साहित्य

दुसरीतला एक मुलगा आणि नववीतली एक मुलगी. दोन्ही लागतात. मुलाला उत्साह असतो पण हात चालत नाहीत. मुलीचे हात चालतात, पण तिला 'हे सगळं क्रिंज' वाटतं. (हा शब्द कोशात शोधू नका, तिला तर मुळीच विचारू नका.)

बांबूच्या कामट्या. बुरुडाकडे जाऊन 'कंदिलासाठी' एवढंच म्हणायचं; जाडी किती हवी ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. १५ सेंटिमीटरच्या ४८ काड्या निघायला हव्यात, म्हणजे सव्वासात मीटर. मोडतील त्या धरून नऊ मीटर घ्या. बुरूड सापडला नाही तर खराट्याचे हीर चालतात. मग काडी सात सेंटिमीटरची धरा, जेमतेम वीतभर कंदील होईल आणि घरात दोन दिवस खराटा नसेल.

कागद. पतंगी कागदातून उजेड सुरेख झिरपतो. येवल्याच्या आभाळात संक्रांतीला दिसतो तोच हा कागद, पण खळ जरा जास्त झाली की हातातच विरघळतो. घोटीव कागद दणकट, मात्र आतला दिवा बाहेर दिसावा असा त्याचा आग्रह नसतो. नवशिक्यांनी पतंगी घ्यावा आणि दुप्पट घ्यावा. थर्माकोलचा विचारही नको, २०१८ पासून राज्यात त्याच्या सजावटीला बंदी आहे.

एक द्राक्षाची पेटी. नाशिककराला ही विकत घ्यावी लागत नाही. मार्चमध्ये कुणाच्या तरी मळ्यातून आलेली, 'कामाला येईल' म्हणून माळ्यावर टाकलेली पुठ्ठ्याची पेटी प्रत्येक घरात असते. ती कामाला यायचा दिवस हाच.

बाकी दोरा, कात्री, सुतळी, होल्डर, वायर वगैरे मेनरोड, दहीपूल, कानडे मारुती लेन या पट्ट्यात मिळतं. गाडी शालिमारला कुठंतरी टाका आणि पायी जा. धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नका. आम्ही गेलो. त्या गल्ल्यांत तयार कंदील दोन्ही बाजूंनी डोक्यावर लोंबत असतात. कापडी, घडीचे, झगमगते. धाकटा दर चार पावलांना विचारतो, "बाबा, हाच घेऊ या ना?" याचं उत्तर घरूनच ठरवून निघावं. मी बेसावध होतो. तिसऱ्या दुकानासमोर म्हणून गेलो, "आपण याच्याहून भारी करणार आहोत." दुकानदार माझ्याकडे बघून हसला. दर दिवाळीला तो हे वाक्य ऐकत असावा.

खळ

वाटीभर मैदा लागतो. तो शंकरपाळ्यांच्या वाटणीतला असल्यामुळे हा टप्पा घरातली कर्ती बाई बाहेर गेलेली असताना उरकावा. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहता कामा नये. मग उकळत्या पाण्यात बारीक धारेनं सोडायचा आणि ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचं. पुस्तकं बांधणारे जुने लोक खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. आपण घालायचं नाही, ते विष आहे. घरात लहान मूल आहे म्हणून मी घातलं नाही. नंतर कळलं की धोका मुलाला नव्हताच. ते शेवटी सांगतो.

सांगाडा

चांदणी सोपी असते, पण आमच्या आबांच्या मते ती चर्चवर शोभते. घराला पारंपरिकच हवा. हा कंदील बघताना अवघड वाटतो आणि करताना त्याहून अवघड निघतो, तरी त्याचं गुपित एका ओळीचं आहे : बारा चौकोन करा आणि कोपऱ्याला कोपरा बांधा. चार चौकोन एकमेकांना बांधून वरचं कडं, तसंच चाराचं खालचं कडं, आणि उरलेले चार मध्ये उभे. चौकोनांच्या मधल्या जागा आपोआप होतात. त्या वेगळ्या करायच्या नसतात. चौकोनांच्या ४८ गाठी, जोडाच्या २४, एकूण ७२. सगळं जमलं तर कंदील ३६ सेंटिमीटर रुंद होतो.

कामटी तासभर पाण्यात ठेवावी आणि कडा काचकागदानं घासाव्यात, नाहीतर हातात कूस जाते. ती काढायला सेफ्टी पिन लागते आणि सेफ्टी पिन पाहिल्यावर धाकट्याचा पहिला दिवस तिथंच संपतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बारा चौकोन बांधून ओळीनं मांडले. आबा चष्मा लावून आले, एक उचलला, हलकेच दाबला. चौकोन तिरका झाला. "हे चौकोन नाहीत," आबा म्हणाले, "शंकरपाळे आहेत." बाराच्या बारा तसेच. दोऱ्याची गाठ काडीला धरते, कोन धरत नाही, हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. उपाय आबांनीच सांगितला. पेटीच्या पुठ्ठ्यावर काटकोनात माप आखा, चौकोन त्यावर ठेवा, आणि जोडायच्या आधीच त्याच्यावर कागद ताणून चिकटवा. खळ वाळली की कागद चौकोनाला सरळ धरून ठेवतो. मग जोडा. कागद कापताना चारी बाजूंनी सेंटिमीटरभर जास्त ठेवा, तो काडीवरून आत दुमडायचा असतो. आम्ही पहिले पाच बरोबर मापाचे कापले. मी कापले.

इथं थोरली पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून जवळ आली. तिनं सांगाड्याच्या बाजू मोजल्या : अठरा चौकोन, आठ त्रिकोण, सव्वीस. मग पुन्हा मोबाइल उचलला आणि जाहीर केलं की हा आर्किमिडीजच्या १३ घनांपैकी एक आहे, नाव ऱ्हाँबिक्युबॉक्टाहेड्रॉन, आणि लुका पाचोली नावाच्या गणितज्ञाच्या १५०९ साली छापलेल्या पुस्तकात लिओनार्दो दा विंचीनं याचाच नुसत्या काड्यांचा सांगाडा काढलाय. तिनं चित्र दाखवलं. हुबेहूब आमचा, फक्त सरळ. आबांनी चित्र लांब धरून पाहिलं. "गाठी कुठं मारल्यात?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर मात्र जोडणीचं काम तिनं माझ्या हातून काढून घेतलं. पालकांसाठी सूचना : अशा वेळी 'बघ, आवडलं ना शेवटी' असं म्हणू नये. मी म्हणालो. वीस मिनिटं वाया गेली.

कागद

वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, दिव्यासाठी आणि हवेसाठी. बारा चौकोन आधीच झालेत. राहिले मधल्या पट्ट्यातले चार आणि आठ त्रिकोण. त्रिकोण धाकट्याला द्या आणि खोलीतून निघून जा. या संपूर्ण कृतीतली सर्वांत अवघड पायरी हीच आहे, आणि मला ती जमली नाही.

त्यानं केशरी त्रिकोण लावले. सात बरे होते. आठव्याला मधोमध सुरकुती, तिच्यावर खळीनं भरलेल्या तळहाताचा ठसा, आणि एक कोपरा उघडाच. त्याला तो सगळ्यात आवडला होता, कारण तो त्यानं कुणाला न विचारता लावला होता. मुलं झोपल्यावर मी गॅलरीत गेलो. रात्रीचा एक वाजला होता, थंडी पडायला लागली होती. मी तो त्रिकोण ओला करून अलगद काढला, नवा कागद ताणून लावला, आणि एखादं सत्कृत्य केल्यासारखा झोपलो.

सकाळी दात घासता घासता त्यानं कंदील गोल फिरवला. बोटानं मोजलं. पुन्हा फिरवला.

"सुरकुतीवाला कुठंय?"

मी काहीतरी पुटपुटलो; पाऊस, वारा. थोरलीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. घंटागाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला होता. मी डब्यात हात घातला, चहाच्या चोथ्याखालून तो केशरी तुकडा काढला, आणि नव्या कागदावर तसाच चिकटवला. आता तिथं दोन कागद आहेत, त्यामुळे त्या बाजूनं उजेड कमी येतो.

झिरमिळ्या आणि दिवा

कागदाची घडी घालायची, वरची दोन बोटं सोडून कात्रीनं पट्ट्या कापायच्या. 'दोन बोटं सोडून' हे दोनदा सांगा. तरी पहिली घडी आरपार कापली जाणारच. त्या सुट्या पट्ट्या किल्ल्यावर पताका म्हणून लावता येतात. आमच्या जिन्याखाली मातीचा साल्हेर होता, त्याला बऱ्याच पताका मिळाल्या.

वायर आणि होल्डर हे मोठ्यांचं काम, इथं मुलांचा हात नको. दिवा एलईडीच, पाच किंवा सात वॅटचा. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब लावू नका. तो तापतो, आणि पतंगी कागद चार बोटांवर असतो. कंदील एकाच सुतळीवर टांगला तर रात्रभर गरगर फिरतो आणि वायरीला पीळ पडतो. दोन टोकांना दोन सुतळ्या बांधा. परतीचा पाऊस अजून गेला नसेल तर टांगायची घाई करू नका. दिवाळी संपली की लगेच काढू नका. आमच्याकडे तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहतो.

उरलेल्या खळीबद्दल

वाटीभर मैद्याची खळ दोन कंदिलांना पुरते, म्हणजे निम्मी उरते. मी ती स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली होती. डॉक्टरांनी आबांचं तळकट बंद केलंय. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंग झाल्यावर आम्ही फराळाला बसलो आणि ते फ्रीजमध्ये काही साधं आहे का ते बघत होते. त्यांनी डबा काढला, ताक घातलं, मीठ घातलं, आणि वाटीभर खाल्लं. आंबील बरी झालीय, जरा चिकट आहे, असं सुनेला सांगितलंही.

डब्यावर चिठ्ठी लावा.