दगड फुटला नाही, सुटला

भूकंपाच्या धोक्याप्रमाणे देशाचा नकाशा रंगवून ठेवलेला आहे. भूकंप तो बघून येत नाही, एवढीच काय ती अडचण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो पट्टा झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात निवांत रंगात होता. दहा हजारांच्या घरात माणसं गेल्यावर नकाशाला जाग आली. २००२ च्या आवृत्तीत किल्लारी झोन ३ मध्ये गेली आणि झोन १ हा प्रकारच रद्द झाला. तेव्हा गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात उद्या कुणी कापसासाठी प्रीकास्टचं गोदाम उभारलं आणि ‘आपल्याकडं कुठं भूकंप होतो?’ असं म्हणाला, तर किल्लारीलाही तसंच वाटत होतं, एवढं त्याला सांगावं. तलवाड्याची देवी त्वरिता. नकाशे दुरुस्त करणाऱ्या खात्याला मात्र ती अजून पावलेली नाही.

किल्लारीतला काळा दगड काही फुटला नव्हता. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये चिखल आणि गोटे, दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. दगड शाबूत राहिले, सुटले तेवढे. प्रीकास्टचा माल याहून कितीतरी सुबक: साच्यात ओतलेले कॉलम, बीम ट्रेलरवरून येतात आणि क्रेन बीम उचलून कॉलमच्या डोक्यावर ठेवते. यातलं ‘ठेवते’ हे क्रियापद जपून वाचावं. इटलीच्या एमिलिया भागात कित्येक कारखान्यांचे बीम असेच नुसते ठेवलेले होते, घर्षणाच्या भरवशावर. मे २०१२ मध्ये २० तारखेला पहाटे रात्रपाळीत आणि २९ तारखेला सकाळी ऐन कामाच्या वेळी जमीन हलली. बीम घसरले, छत कामगारांवर आलं. तो भाग भूकंपप्रवण यादीत आला होता २००३ मध्ये, कारखाने बहुतेक त्याआधीचे. नकाशा तिकडंही उशिराच उठतो, याचं समाधान मानायचं असेल तर मानावं.

म्हणून प्रीकास्टच वाईट, असं म्हणणाऱ्यांशीही जमत नाही. सांधे नीट बांधले तर हीच इमारत उभी राहते. तुकड्यांचा दोष नाही. पण आपल्याकडं तपासणी होते ती तुकड्यांचीच. माणूस येतो, कॉलमवर रिबाउंड हॅमर टेकवतो, आकडा चांगला येतो, काँक्रीट ‘उत्तम’ ठरतं. उत्तम आहेच, किल्लारीचा दगडही उत्तम होता. सांधे बघण्याचा खर्च परवडत नाही म्हणावं, तर इटलीत भूकंपानंतर तात्पुरत्या परवानगीसाठी आधी तीनच गोष्टी मागितल्या गेल्या: बीम-कॉलमची जोडणी, भिंतीच्या पॅनेलची पकड आणि आतल्या रॅकना आधार. तिसरी अट उगाच नव्हती. तिथं चीजच्या गोदामांतले रॅक पत्त्यांसारखे आडवे झाले होते. कापसाच्या गाठींची थप्पी छतापर्यंत चढवणाऱ्यांनी त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

तलवाड्यातल्या गोदामासाठी सुरुवातीला लागेल एक शिडी आणि एक बॅटरी. वर चढून बघायचं की बीममधून कॉलममध्ये गज उतरलाय, की मध्ये नुसता रबराचा तुकडा आहे. गज आत बुजला असेल तर ड्रॉइंग मागायचं. ड्रॉइंग ठेकेदाराकडं असतं, ठेकेदार पुण्याला असतो, आणि शिडी कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते.