सव्वादोन पळं

फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न आणि मिनिटं तेवढीच. तिथे सरकारचा हात जरा सैल, प्रश्नाला १०८ सेकंद. एमएचटी-सीईटीचं हे कोष्टक जांब्यातल्या आमच्या सोसायटीत बारावीचं कुठलंही पोर झोपेतून उठवलं तरी सांगेल.

भाचीच्या सरावाला वेळ लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामा मीच. तिच्या मोबाइलवर स्टॉपवॉच आहे; पण मोबाइल हाताशी असला की ९० मिनिटांतली पेपरला किती उरतात, हे ताईला पक्कं ठाऊक. म्हणून मोबाइल माझ्या खिशात आणि मी दिवाणावर.

घरात वेळ लावण्यातली पहिली अडचण म्हणजे वेळ लावणारा घरचाच असतो. ‘‘मामा, थांबव ना, पाणी पिऊन येते.’’ थांबवतो. पाण्याचा टँकर फाटकातून मागे सरकताना गाणं वाजवतो. तेवढाही वेळ तिने मागून घेतला आणि मी दिला. आतून ताईचं वेगळंच चालू असतं, ‘‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर रे.’’ असा पेपर संपला की कागदावर ९० मिनिटं झालेली असतात आणि भिंतीवर दोन तास. परीक्षा केंद्रातल्या संगणकावर उलटं पळणारं ते घड्याळ मात्र कुणाचा मामा नसतं. तिथे पहिली ९० मिनिटं गणित उघडतही नाही, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीत वाचवलेली मिनिटं पुढे नेता येत नाहीत.

भावजींचा फोन येतो, हिंजवडीच्या शिवाजी चौकातून. ‘‘पाच मिनिटांत पोचतोच.’’ मारुंजीवरून जांब्याला यायचं आणि पाच मिनिटांत! भाची मान वर न करता म्हणाली, ‘‘पाच मिनिटं म्हणजे साडेपाच प्रश्न.’’ भावजी आले तेव्हा तिचा अख्खा पेपर संपला होता.

मला या ५४ सेकंदांचा धाक बसेना, म्हणून मी ते जुन्या मापात करून पाहिले. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. म्हणजे प्रश्नाला सव्वादोन पळं आणि पेपरला पावणेचार घटका. ऐकायला किती ऐसपैस वाटतं! आणि घटका म्हटलं की भास्कराचार्यांच्या लेकीची दंतकथा आलीच. लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यावर घटिकापात्र सोडलं होतं. ती वाकून बघत असताना दागिन्यातला मोती त्यात पडला, तळाचं भोक बुजलं, पात्र बुडेना आणि मुहूर्त टळला. मग बापाने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. कथा खरी असो-नसो, ग्रंथ खरा आहे, ११५० सालचा. त्यातल्या एकाही उदाहरणाला वेळेची मर्यादा घातलेली नाही. बंद पडलेल्या घड्याळाची एवढी चांगली भरपाई दुसरी माझ्या ऐकिवात नाही. पुढे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. महाराष्ट्रातला पहिला क्लास म्हणायला हरकत नाही. फक्त तिथल्या शिलालेखात मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे, फीची नाही.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिने विचारलं, ‘‘यात माझी किती मिनिटं गेली?’’

तिचं गणित चांगलं आहे, आणि खरी पंचाईत तीच आहे. एखादं इंटिग्रेशन अडलं की ती त्याच्याशी भांडत बसते. १०८ सेकंद होतात, दोनशे होतात. मी ‘सोड’ म्हणतो, तर ती ऐकू आलं नाही असं दाखवते. तिला तरी काय बोलणार? ताटात काही टाकायचं नाही, वाढलेलं संपवूनच उठायचं, हे आम्हीच तिला शिकवलं. आता १७व्या वर्षी म्हणतोय, अर्धवट टाक आणि पुढच्या ताटावर जा. क्लासचे सरही ‘आधी सोपे उचला’ असंच सांगतात. पर्सेंटाइल शेवटी बाकीच्यांच्या तुलनेत निघतो, त्यामुळे अवघड प्रश्नाशी केलेल्या प्रेमाचे वेगळे गुण नाहीत. चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही, एवढी मात्र मेहेरबानी आहे. शेवटच्या मिनिटाला उरलेल्या सगळ्या प्रश्नांवर तुक्का मारायचा. भाची अशा वेळी ठरवून तिसरा पर्याय दाबते. ‘‘तिसराच का?’’ विचारलं तर म्हणते, ‘‘मधला असतो.’’ पर्याय चार असतात.

परवा तिने एक प्रश्न सोडला, मुकाट्याने, वेळेत. मला धन्य वाटलं. रात्री पाणी प्यायला उठलो तर तिच्या खोलीत दिवा. त्याच प्रश्नाने वहीची पानं भरली होती.

‘‘वेळ लावू का?’’

‘‘खबरदार.’’

मीही शेजारी बसलो, काही कळत नसताना. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. तिने दुसऱ्या रीतीने ताडून पाहिलं, तेच आलं. मग आम्ही गाइड उघडलं. चारही पर्यायांत ते उत्तर नव्हतं; छापताना एक वजाचं चिन्ह गळलं होतं.

‘‘मग पेपरात काय लिहिलंस?’’

‘‘तिसरा,’’ ती म्हणाली.

गाइडातही तिसराच बरोबर होता.