चिटबॉय अण्णा

अण्णा भेटले की राम राम घालत नाहीत. ‘पोचला का?’ असं विचारतात. आपण नुकतेच एसटीतून उतरलेलो असलो तर वाटतं, प्रवासाची चौकशी चालली आहे. तसं काही नसतं. काल रात्री साडेदहाला त्यांनी गटावर टाकलेला मेल पोचला का, एवढाच त्याचा अर्थ. ‘पोचला’ म्हटलं की दुसरा प्रश्न तयार असतो, ‘इनबॉक्सात पोचला का स्पॅममधी?’ यानंतर खरं तर तिसरा प्रश्न यायला हवा, ‘वाचला का?’ तो मात्र अण्णा कधीच विचारत नाहीत. का विचारत नाहीत, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

असा माणूस प्रत्येक गावाला एक असतो. शाळेत तो मॉनिटर नसतो. मॉनिटर पुढे पुण्याला जाऊन साहेब होतो. हा कोण, तर खडू संपला की न सांगता ऑफिसातून घेऊन येणारा. गावातले हुशार लोक बाहेर जातात, मग त्यांना गावाची आठवण येते, मग ते ‘सगळे सोनईकर’ असा मेलचा गट काढतात, आणि मग तो चालवायला कुणाला वेळ नसतो. तेव्हा खडू आणणारा लागतो.

अण्णांची निवड तशी योग्यच म्हणायची. सोनई हे साखर कारखान्याचं गाव, आणि अण्णांची उभी हयात चिटबॉयकीत गेलेली. ज्यांच्या ताटात नुसती साखर येते, ऊस येत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. कुणाच्या फडाला कधी तोड मिळणार, टोळी कुठे घालायची, गाडी कुणाची लावायची, हे शेतकरी आणि कारखाना यांच्या मधे उभं राहून जुळवतो तो चिटबॉय. नावातला बॉय निवृत्तीपर्यंत बॉयच राहतो. हंगाम सुरू झाला की पहाटे दारात माणसं उभी, ‘शेजारच्याला चिठ्ठी आली, मला का नाही?’ निवृत्तीनंतर या प्रश्नातली फक्त चिठ्ठी बदलली. ‘शेजारच्याला मेल आला, मला का नाही?’

आमचा गट आधी याहूवर होता. १५ डिसेंबर २०२० ला याहूने सगळ्याच गटांना कुलूप लावलं. अण्णांनी त्याआधीच एकेका सोनईकराला हाताला धरून गूगलच्या गटात नेऊन बसवलं होतं. कुणी म्हणालं, ‘अण्णा, व्हॉट्सअॅप आहे की!’ अण्णा म्हणाले, ‘तिथं रोज सकाळी गुलाबाची फुलं उगवत्यात. बोलायचं कुठं?’

तेव्हापासून ओट्यावर सकाळी सात ते नऊ त्यांचा दवाखाना चालतो. जुना लॅपटॉप, लाल कापडी बांधणीची वही आणि टोपणाचं पेन. रोगी समोर बसून, तर कधी मोबाईलवरून रोग सांगतात.

सगळ्यात जास्त साथ असते ती ‘माझा मलाच येत नाही’ या रोगाची. एक रिटायर्ड गुरुजी गटावर लेख टाकतात आणि स्वतःच्या इनबॉक्सात त्याची वाट बघत बसतात. तो येत नाही. म्हणून पुन्हा टाकतात. असा चार वेळा टाकतात. सगळ्या गावाला गुरुजींचे विचार चार वेळा पोचतात, गुरुजींना एकदाही नाही. अण्णा समजावतात, ‘गुरुजी, जीमेलमधी असंच असतं. गटावर पाठवलेला आपला आपल्याला इनबॉक्सात परत दिसत नाही. पाठवलेल्यात बघा, नाहीतर ऑल मेलमधी. आपल्याच फडातला ऊस आपल्याच दारात आणून टाकायचा कशाला?’ गुरुजींना पटतं. पुढच्या आठवड्यात लेख तीनदाच येतो. अण्णा वहीत लिहितात, ‘सुधारणा आहे.’

दुसरा रोग पत्त्याचा. एकाने आपला ईमेल देताना आधी तीन डब्ल्यू लावले. ‘असू द्या, मजबूत राहतो,’ म्हणाला. दोन भावांचं तर ठिपक्यावरून वाजलं. नाव आणि आडनावाच्या मधे ठिपका आहे, नाही, असं अर्धा तास चाललं होतं. अण्णांनी दोघांनाही चहा पाजला आणि मग सांगितलं, ‘जीमेलला ठिपका दिसतच नाही. द्या नाहीतर नका देऊ, मेल तिथंच जातो.’ आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ‘भाऊभाऊ वर्षानं बोलत होते,’ अण्णा म्हणाले.

एकदा शनिवारी एक गृहस्थ शिंगणापूरला शनीला तेल वाहून थेट ओट्यावर आले. चेहरा उतरलेला. त्यांच्या मेलला ‘मेलर डेमन’ नावाच्या कुणाचं तरी उत्तर आलं होतं. मुलाने अर्थ सांगितला होता, डेमन म्हणजे राक्षस. अण्णा हसले नाहीत. ‘हा राक्षस नव्हं, हा चिटबॉय. काट्यावरून गाडी परत आली तर का आली ते सांगणारा. वाचा की, काय म्हणतोय बिचारा?’ बिचारा म्हणत होता, पलीकडच्याची पेटी भरली आहे. पेटी कुणाची, तर हिंजवडीतल्या भाच्याची. गूगल फुकटात पंधरा जीबी देतं, त्यात मेलही आले, फोटोही आले. भाच्याने घराच्या वास्तुशांतीचे व्हिडिओ भरले होते. अण्णांनी फोन लावला, ‘बाळा, गव्हाण भरली तुझी. आधीचं गाळ, मग नवीन घेऊ.’ आणि फोनवर पाऊण तास बसून त्याच्याकडून एकेक व्हिडिओ पुसून घेतला. पुसण्याआधी सगळे बघितलेही. वास्तुशांतीला अण्णांना बोलावणं नव्हतं, हे भाच्याला तेव्हा आठवलं.

स्पॅमचा मात्र त्यांना मनस्वी राग आहे. ‘इथनं पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापुरात घरांना दारं न्हाईत. युको बँकेनं २०११ साली तिथं बिनकुलपाची शाखा काढली. आणि सोनईचा मेल सोनईकराच्याच घरात शिरताना दारात अडवत्यात!’ कारण मात्र त्यांना नीट ठाऊक आहे. ‘मेल लिहिला एकानं, आणून टाकला गटानं. काट्यावरचा म्हणतो, ऊस एकाचा, गाडी दुसऱ्याची, म्हंजे चोरीचा माल.’ २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने हा नियम एकदम कडक केला, तेव्हा जगभरच्या मेल-गटांच्या गाड्या अशाच फाटकावरून परत फिरल्या होत्या. म्हणून आता काहींच्या नावापुढे ‘व्हाया’ आणि गटाचं नाव लागतं. अण्णा त्याला ‘मार्फत’ म्हणतात. आणि प्रत्येक मेलच्या तळाशी मुक्काम पोस्ट सोनई, तालुका नेवासा, पिन ४१४१०५ असा संपूर्ण पत्ता घालतात. मेल चुकलाच तर परत कुठे यायचं, ते त्याला कळायला हवं. २०२४ साली जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, तेव्हा सरकारी पाट्या बदलायच्या आधी अण्णांच्या मेलचा तळ बदलला होता.

‘लई मेल येत्यात’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी त्यांनी सेटिंगांची मराठी नावं पाडली आहेत. प्रत्येक मेल वेगळा हवा, तर ‘कांडी कांडी’. पंचवीसपर्यंत मेल एकात बांधून येणारं डायजेस्ट म्हणजे ‘मोळी’. नुसता सारांश येतो ते ‘वाढं’, म्हणजे जनावरापुढे टाकायचा शेंडा. आणि चौथं सेटिंग, ज्यात गटात नाव राहतं पण मेल एकही येत नाही, त्याला त्यांनी नाव ठेवलेलं नाही.

या चौथ्याशी माझा संबंध आहे. गावच्या वेशीला कमान बांधावी का, यावर तीन दिवसांत एकशे चौदा मेल आले. कमान हवी म्हणणारे सगळे पुण्यात होते, नको म्हणणारे अमेरिकेत. तिसऱ्या रात्री मी गुपचूप ‘मेल नको’ वर टिचकी मारली आणि शांत झोपलो. पुढे दिवाळीत ओट्यावर गेलो तर प्रश्न आलाच, ‘पोचला का?’ मी म्हटलं, ‘नाही हो अण्णा, काहीतरी डिलिव्हरीचा घोळ आहे.’

‘असंल, असंल,’ अण्णा म्हणाले. ‘सर्वरचं काय खरं न्हाई.’ आणि चहा सांगायला आत गेले.

वही उघडीच होती. चिटबॉयच्या वहीत डोकावू नये, पण डोकावलो. एकेक नाव आणि पुढे त्याचं सेटिंग. गट चालवणाऱ्याला ते सगळ्यांचं दिसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मोळी, मोळी, कांडी, वाढं, मोळी. निम्म्याहून जास्त नावांपुढे नुसती रेघ होती. त्यात कमानीवरून भांडलेले दोन्ही बाजूंचे लोकही होते. माझ्या नावापुढे रेघ, कमानीच्या तिसऱ्या रात्रीची तारीख आणि बारीक अक्षरात एक ओळ, ‘महत्त्वाचं असंल तर फोन.’

मग आठवलं. शेजारच्या आजी गेल्या तेव्हा अण्णांचा फोन आला होता. आमच्या बांधावरचं आंब्याचं झाड पडलं तेव्हाही. दर वेळी सुरुवात एकच, ‘गटावर टाकलंय, पण तुला घोळ आहे म्हणून म्हटलं कळवावं.’ असे किती घोळ ते रोज फोनवर निस्तरतात, ते त्या रेघाच जाणोत.

चहा आला. मी म्हटलं, ‘अण्णा, जरा सेटिंग बघता का माझं?’ त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ‘काय देऊ? कांडी पेलायची न्हाई तुला.’

‘मोळी द्या.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. ‘पोचली का?’

‘पोचली, अण्णा.’

मोळी स्पॅममध्ये सापडली होती. पण चिटबॉयने सगळंच सांगायचं नसतं.